आधी पडून दाखवा

नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा बाईंनी माझं प्रमाणपत्र पाहिलंच नाही. टेबलाच्या पलीकडे जमिनीवर एक निळी गादी अंथरलेली होती. शाळेच्या व्यायामशाळेत असते तशी जाड, एका कोपऱ्यात फाटलेली आणि चिकटपट्टीनं जोडलेली. तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "पडून दाखव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय जी?"

"पडता येते ना? मग पड."

मी पडलो. आधी हात टेकला, मग कोपर, मग उरलेला मी. "मनगट गेलं तुझं," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुन्हा." दुसऱ्या वेळी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, माझा खांदा गेला. पाचव्या वेळी हात छातीशी घेऊन मी कुशीवर पडलो, तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

ऑफिस सीताबर्डीला होतं. खाली ब्लाऊजपीसचं मॅचिंग सेंटर, बाजूला मोबाइलचे कव्हर विकणाऱ्यांची रांग, आणि मधून जेमतेम एक माणूस चढेल असा जिना. वर बाई. त्यांचा धंदा होता लोकांना बर्फावर घसरायला पाठवण्याचा. स्कीइंग, स्नोबोर्ड, एवढंच. रेल्वे-विमानाची साधी तिकिटं मी काढायचो आणि त्यावर ऑफिसचं वीजबिल निघायचं. पण पाटीवर बाईंनी तिकिटांचा उल्लेख होऊ दिला नव्हता. पाटीवर होतं, 'बर्फावरच्या सहली'. रंगाऱ्यानं त्यातलं 'बर्फ' इतकं मोठं काढलं होतं की लग्नसराईत दिवसाला दोन-तीन फोन बर्फाच्या लाद्यांसाठी यायचे. मी वैतागायचो. बाई मात्र त्या माणसाला पंगत किती लोकांची, लग्न मंडपात की लॉनवर, हे सगळं विचारून घ्यायच्या, किती लाद्या लागतील ते सांगायच्या आणि कारखान्याचा पत्ता द्यायच्या. "बर्फ मागून राहिला बिचारा," म्हणायच्या, "आपल्याजवळ आला, तर रिकाम्या हातानं काहून जाईल?"

त्या मूळच्या उमरेडच्या. वडील विणकर. खड्ड्यात पाय सोडून चालवायचा माग होता घरात, आणि लहानपणी त्यावर बसून वडिलांसारखं पायानं खालच्या पट्ट्या दाबायचा खेळ त्या खेळायच्या. कॉलेजात एनसीसीमध्ये गेल्या, आणि एका हिवाळ्यात मनालीकडच्या शिबिराला नागपूरहून ज्या चार मुली गेल्या त्यात त्या होत्या. तिथं चौदा दिवस स्कीइंग शिकवलं. "अकरा दिवस मी नुसती पडली," त्या सांगायच्या. "बाराव्या दिवशी पायाले समजलं. डोक्याले अजून नाही समजलं." पुढे वीस-बावीस वर्षं त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि दर हिवाळ्यात रजा टाकून कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जायच्या. डाव्या गुडघ्यानं दगा दिला तेव्हा नोकरी सोडली आणि हे ऑफिस उघडलं. शाळेतली शिट्टी मात्र गळ्यातच राहिली. साडी, स्पोर्ट्स शूज आणि शिट्टी. बर्डीवर त्यांना न ओळखणारा दुकानदार नव्हता.

ठिकाण कोणी निवडायचं, याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. गिऱ्हाइकानं निवडायचं नाही. गिऱ्हाईक फोटो पाहून निवडते, आणि फोटोत सगळे डोंगर सारखेच पांढरे असतात. म्हणून ऑफिसच्या भिंतीवर एकही डोंगर नव्हता. टेबलाच्या खणात चार डबे होते. एकात रवा, एकात मैदा, एकात भिजवून वाळवलेला साबुदाणा, एकात खडे मीठ. कोणी गुलमर्ग म्हटलं की त्या मैद्याचा डबा उघडून त्याचं बोट आत घालायला लावायच्या. "हा ताजा बर्फ. हलका. याच्यात माणूस बुडते. चालते तुम्हाले?" मनालीजवळच्या सोलंगसाठी सकाळी रवा आणि दुपारनंतर साबुदाणा. खडे मीठ म्हणजे रात्री गोठून कडक झालेला, आणि त्यावर पडलं की काय होतं ते सांगताना त्या आपल्या गुडघ्यावर टिचकी मारायच्या. एकदा मला भूक लागली म्हणून मी रव्याचा शिरा करून आणू का विचारलं, तर आठवडाभर त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

मग प्रश्न. बूट घट्ट घालता की सैल? थंडी वाजली की चिडता की गप्प होता? मागची गाडी हॉर्न वाजवून राहिली तर बाजूला होता की नाही? लोक हसत उत्तरं द्यायचे आणि बाई गंभीरपणे लिहून घ्यायच्या. शेवटी गादी. एका नव्या जोडप्याचं मला आठवतं. मुलाला हनिमूनला गुलमर्गच पाहिजे होतं. तो गादीवर पडला तो मोबाइल वर धरून. सगळं अंग आपटलं, मोबाइलला धक्का लागला नाही. बाईंनी वही मिटली. "तुम्ही चिखलदऱ्याले जा," म्हणाल्या. "छान आहे. धुकं असते." मुलगी इतकी हसली की मुलगाही हसायला लागला, आणि ते खरंच चिखलदऱ्याला गेले.

मे महिन्यात तर बाई कोणाचंच बुकिंग घ्यायच्या नाहीत. बाहेर सेहेचाळीस डिग्री, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्या उन्हातून एखादा कुटुंबकबिला तोंडाला दुपट्टे बांधून जिना चढून यायचा, कूलरसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, कुठंही पाठवा पण बर्फात पाठवा. बाई त्यांना पन्हं पाजायच्या आणि परत पाठवायच्या. "मे महिन्यात नागपूरचा माणूस फ्रीजमध्येही राहाले तयार होते. दिवाळीनंतर या. तेव्हाही मन झालं तर खरं." अर्धे लोक दुसऱ्या एजंटाकडे जायचे. मी एकदा हिंमत करून म्हटलं, "बाई, अशानं ऑफिस कसं चालेल?" त्या म्हणाल्या, "चालू नको दे. घसरू दे."

ज्यांचं बुकिंग व्हायचं, त्यांना त्या मेट्रो स्टेशनवर न्यायच्या. सरकता जिना सोडून साध्या पायऱ्यांवर. आडवं उभं राहून, एकेक पायरी कडेनं उतरायची, कारण उतारावर सुरुवातीला असंच उतरतात. सात-आठ माणसं खेकड्यासारखी बाजूबाजूनं उतरताहेत आणि खाली बाई शिट्टी मारताहेत, हे पाहून पहिल्या वेळी सिक्युरिटीवाला धावत आला होता. नंतर नंतर तोही कडेला उभा राहून "पाय जोडून, मॅडम, पाय जोडून" असं सांगायला लागला.

एका नोव्हेंबरात कळमन्याहून दोन भाऊ आणि त्यांची आई आली. संत्र्यांची बाग काटोलकडे, आणि कळमन्याच्या फळबाजारात मोठं दुकान. हिवाळ्या-उन्हाळ्यात संत्री, बाकी वर्षभर सफरचंद, डाळिंब, जे येईल ते. मोठे भाऊ पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोलणं कमी. धाकटे चाळिशीचे, जॅकेट आधीच विकत घेतलेलं. आई सत्तरीची, नऊवारीतली, जिना चढून आल्यावरही दम न लागलेली.

"आम्हाले स्वित्झर्लंड पाहिजे," मोठे म्हणाले. त्यांच्या बाजूच्या दुकानदारानं तिकडून घसरतानाचे व्हिडिओ आणले होते आणि अख्ख्या बाजाराला दाखवले होते.

"बाई, यायले सांगा, गुलमर्ग म्हणतात त्याले," धाकटे म्हणाले. "स्नोबोर्ड करायचा तर गुलमर्ग. स्वित्झर्लंडमध्ये का फक्त फोटो काढाचे आहेत?"

"बाई, त्याले सांगा, मोबाइल पाहून बोर्ड नाही येत."

"बाई, त्यायले विचारा, त्यायले काय येते ते तर सांगा."

हळूहळू माझ्या लक्षात आलं की दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. दोन खुर्च्या एकमेकांना चिकटून, आणि प्रत्येक वाक्य बाईंच्या टेबलावरून जाऊन येत होतं. आवाज चढत गेले. बाईंनी शिट्टी मारली. बंद खोलीत ती इतक्या जोरात वाजली की खालच्या मॅचिंग सेंटरमधली मुलगी काय झालं पाहायला वर आली.

"आधी पडून दाखवा," बाई म्हणाल्या.

धाकटे गादीवर एक पाय पुढे टाकून, हात पसरून, स्नोबोर्डवर उभं राहिल्यासारखे उभे राहिले आणि पाठीवर धाडकन पडले. धूळ उडाली. मोठे जागचे हलले नाहीत.

"मी नाही पडत," ते म्हणाले.

"मग शिकणार कसे?"

"मी पडत नाही, बाई. सांगतलं ना एकदा."

तेवढ्यात आईनं पदर खोचला, चपला काढल्या आणि गादीवर अशी पडली की मी पाहतच राहिलो. गुडघे वाकवले, कुशीवर उतरली, लोळली, आणि पुन्हा उठून बसली. हात कुठं टेकलाच नाही. बाई खुर्चीतून उठल्या.

"मावशी, हे कुठं शिकल्या तुम्ही?"

"पन्नास वर्षं बागेत ओलित केलं, वं. चिखलात पडणं का मले नवीन आहे?"

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच आल्या, मेट्रोनं, विचारत विचारत. मी बाहेर जायला उठलो तर म्हणाल्या, बस रे, तुझ्यापासून काय लपवाचं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. दोघा भावांची वाटणी ठरली होती, बागेचीही आणि दुकानाचीही, आणि गुढीपाडव्याच्या आत कागद व्हायचे होते. भांडण नेमकं कशावरून सुरू झालं ते दोघांनाही आता आठवत नव्हतं. सहा महिन्यांपासून ते दुकानात समोरासमोर बसून हमालामार्फत बोलत होते.

"वाटणीले माझी ना नाही," मावशी म्हणाल्या. "पोट्टे मोठे झाले, वेगळे होतील. पण असे मुके होऊन काहून? मी म्हटलं, सही करीन, पण त्याच्या आधी दोघंही माझ्यासंग आठ दिवस कुठं तरी चला. बायका-लेकरं नाही, फक्त आपण तिघं. कुठं जाऊ म्हटलं, तर दोघांच्या तोंडून एकच शब्द निघाला. बर्फ. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघं एक शब्द बोलले, बाई. आता तू सांग, कुठं नेऊ?"

बाईंनी त्या दिवशी डबे उघडले नाहीत. वही उघडली आणि तशीच मिटली. मग म्हणाल्या, "नारकंडा."

सिमल्याच्या पुढे आहे नारकंडा. लहान उतार, शिकवणारे शांत, गर्दी नाही. दोघे भाऊ पुन्हा आले तेव्हा मोठे नाव ऐकूनच तडकले. "नारकंडा? ते तर सेबाच्या पेटीवर लिहिलेलं असते! पंचवीस वर्षांपासून मी ते नाव ट्रकमधून उतरवून राहिलो. तिथं कोणी सुट्टीले जाते काय?" धाकट्यांनी मोबाइलवर नारकंड्याचा उतार शोधला आणि हा तर आमच्या बागेच्या बांधाएवढा आहे असं बाईंना सांगितलं. पण मावशी म्हणाल्या जाऊ, आणि जायचं ठरलं. मावशींच्या वयाकडे पाहून बाई स्वतः सोबत निघाल्या आणि सामान उचलायला मला घेतलं.

जानेवारीत पोचलो. दिल्ली, कालका, सिमला, आणि पुढे टॅक्सीनं वळणं घेत घेत. मावशींना वळणांनी त्रास झाला, धाकट्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मोठ्यांनी खिडकी उघडली. बोललं कोणी नाही. शेवटच्या वळणानंतर गाडी थांबली आणि आम्ही खाली उतरलो.

बर्फ नव्हता. स्वच्छ ऊन पडलं होतं. उतार दिसत होता, पण तपकिरी, वाळलेल्या गवताचा, आणि त्यावर दोन गाई चरत होत्या. हॉटेलवाला हात जोडून म्हणाला, या महिन्यात अजून पडलाच नाही साहेब, आज-उद्या पडेल. चार दिवसांपूर्वी फोनवरही तो हेच म्हणाला होता, आणि बाईंनी त्यावर विश्वास ठेवला होता.

मी बाईंकडे पाहायचं टाळत होतो. एवढ्या लोकांना ठिकाण निवडून देणारी बाई त्या तपकिरी उतारासमोर उभी होती. शिट्टी तिनं मुठीत धरली होती. मोठे भाऊ जवळ गेले. मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी काही म्हणण्याआधीच बाई म्हणाल्या, "चूक माझी झाली. उद्या तुम्हाले दुसरीकडे नेते. तिथला खर्च माझा."

"कुठं नेऊन राहिली मले पुन्हा त्या वळणायनं?" मावशी मागून म्हणाल्या. "मी काही हलत नाही. आठ दिवस म्हटलं तर आठ दिवस."

पहिला दिवस असाच गेला. दुसराही. शिकवणाऱ्या पोरांनी आम्हाला गवतावरच स्कीचे जड बूट घालून चालायला लावलं. मोठे खोलीत बसून बाजारभाव विचारत राहिले. बाई जेवायच्या नाहीत नीट. "माणसं पारखून जागा निवडते म्हणायची मी," असं एकदा पुटपुटल्या, "आणि आभाळाले विचारायचंच राहून गेलं."

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक म्हातारा भेटला. कानटोपी, हातात छाटणीची कात्री. आम्ही नागपूरचे म्हटल्यावर त्यानं विचारलं, कळमना माहीत आहे का? त्याचा माल वर्षानुवर्षं तिकडे जात होता. मोठ्यांनी पेटीवरची खूण विचारली. म्हाताऱ्यानं सांगितली. मोठे टपरीच्या बाकावरून उभेच राहिले. ती खूण त्यांनी हजारो वेळा पाहिली होती आणि ती लावणारा माणूस कोण असेल, हा विचार एकदाही केला नव्हता.

म्हातारा आम्हाला आपल्या बागेत घेऊन गेला. सगळी झाडं निष्पर्ण, काड्यांसारखी. तो सांगत होता की थंडी नाही पडली तर झाडाला झोप लागत नाही, आणि झोप नाही झाली तर फळ नाही. आणि मग मोठे म्हणाले की खालच्या थरातलं फळ नेहमी दबून येतं, पेट्या जास्त भरता तुम्ही.

"पेटीचा दोष नाही," धाकटे म्हणाले. "ट्रकमध्ये उभी लावते म्हणून."

"उभी कोण लावते? आडवीच येते."

"तुम्ही सकाळी आठाले येता. मी पहाटे गाडी लागते तेव्हा असतो. उभी लावते, दादा."

"मग इतके दिवस बोलला काहून नाही?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

दोघंही आवाज चढवून भांडायला लागले. समोरासमोर, हातवारे करत. म्हातारा घाबरून मधे पडायला निघाला तर मावशींनी त्याचा हात धरला. "राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या, आणि बाईंच्या कानाशी, "बोलून राहिले वं. बोलून राहिले." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसत होत्या.

भांडण ओसरल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं की तुम्ही एवढ्या लांब कशासाठी आलात. बर्फावर घसरायला, असं मी सांगितलं. तो म्हणाला, बागेच्या मागे, ऊन न पोचणाऱ्या उतारावर, डिसेंबरात पडलेला थोडा आहे अजून.

थोडा म्हणजे खरंच थोडा. देवदारांच्या सावलीत एक पट्टा, दहा-बारा हात रुंद आणि शाळेच्या मैदानाएवढा लांब. बाईंनी वाकून मूठभर उचलला, बोटांत चुरला. "खडे मीठ आणि वरून रवा," म्हणाल्या. "चालते." हॉटेलवरून आम्ही स्कीचे दोन जोड आणले. आधी धाकटे गेले आणि चार हात जाऊन पडले. मग बाईंनी दुसरा जोड मोठ्यांसमोर ठेवला.

मोठ्यांनी खिशातला मोबाइल काढून माझ्याकडे दिला. मग बूट चढवले. सात-आठ हात नीट गेले, वेग वाढला, त्यांनी ओरडून काही तरी म्हटलं, आणि बाजूला कलंडले. कुशीवर, हात छातीशी. मग हलेचनात. धाकटे आपला जोड टाकून घसरत, पडत त्यांच्यापर्यंत पोचले. "दादा! लागलं काय? दादा!"

मोठे पाठीवर वळून वर झाडांकडे पाहत होते. "नाही लागलं," ते म्हणाले. "पडून राहू दे थोडं. सहा महिने झाले, पाठ टेकली नाही नीट."

धाकटे त्यांच्या शेजारी बर्फातच बसले. काय बोलले ते वर आम्हाला ऐकू आलं नाही. मावशींनी विचारलंही नाही. त्या मला म्हणाल्या, "तो बूट माझ्या पायाले होईल काय पाह्य रे." झाला नाही. मग नऊवारीखाली माझी ट्रॅकपँट चढवून त्या एका प्लास्टिकच्या पोत्यावर बसल्या आणि भर्रकन खाली गेल्या, थेट दोन्ही पोरांच्या अंगावर.

शेवटी बाईंनी बूट घातले. दोन वर्षांत मी त्यांना स्कीवर कधी पाहिलं नव्हतं. डावा गुडघा त्यांनी फडक्यानं घट्ट बांधला, पट्ट्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि निघाल्या. तीन वळणं. फक्त तीन, तेवढीच जागा होती. पण वरचं अंग जराही हललं नाही. खाली पाय आपापलं काम करत होते, डावा दाबला, उजवा सोडला, आणि त्या बर्फावर एक नक्षी उमटत गेली. खाली थांबल्यावर त्यांनी मागे वळून ती पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. लहान मुलगी हसू लपवते तसा.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधून खाली आलो तर सगळं पांढरं. टॅक्सीवाला म्हणाला, रस्ता बंद, दोन दिवस तरी निघणं नाही. म्हाताऱ्याच्या बागेतून ढोल वाजल्याचा आवाज आला, त्याच्या झाडांना आता झोप लागणार होती. मोठ्यांनी कळमन्याला फोन लावला. "दोन दिवस आणखी लागतील आम्हाले. दुकान बंद ठेव." पलीकडच्यानं काही विचारलं असावं. मोठ्यांनी खिडकीत बर्फ पाहत उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. "कोणतं म्हणजे? आजच्या तारखेत एकच आहे ना?"

वाटणी झाली. ठरल्याप्रमाणे पाडव्याच्या आत. त्या आठ-दहा दिवसांनी ती टळली असं मी सांगितलं तर खोटं होईल. पण दोन दुकानांच्या मधे भिंत घालायची होती ती कोणी घातली नाही, आणि पेट्या ट्रकमध्ये आडव्या यायला लागल्या. बाई आठवडाभर गिऱ्हाइकांना म्हणत राहिल्या, तुम्हीच निवडा, मी कोण सांगणारी. मग एक माणूस गादीवर पाठीवर पडला आणि त्यांच्यानं राहवलं नाही.

नंतरच्या दिवाळीत मावशी पुन्हा आल्या. सोबत संत्र्यांची पिशवी. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. "पोट्टे नाही येत यंदा," म्हणाल्या. "दोघांचे लेकरं दहावीले आहेत. मले मात्र जायचं आहे. त्या बुटाचं पाह्य, लहान मिळते काय कुठं."

बाईंनी वही उघडली. पेन उचललं. मी प्रश्नांची वाट पाहत होतो. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाले कुठं जायचं आहे?"

त्या ऑफिसात कोणाला हा प्रश्न मनापासून विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मावशीही गांगरल्या. बराच विचार करून म्हणाल्या, "औलीले. बद्रीनाथाच्या वाटेवर आहे म्हणते. हिवाळ्यात देव खाली उतरून येते, तर त्याचं दर्शनही होऊन जाईल." मग पिशवीतलं एक संत्रं बाईंपुढे ठेवत, "तू येशील ना संग?"

"गुडघा आहे माझा, मावशी."

"मलेही आहेत. दोन आहेत."

जानेवारीत दोघी गेल्या. मी ऑफिस सांभाळलं. चौथ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. मी आधी बर्फ आहे का, तेच विचारलं.

"आहे गा, गुडघाभर आहे. मैदा! पण ही म्हातारी ऐकून नाही राहिली. शिकवणारा पोट्टा म्हणते इथूनच करा, ही म्हणते वरून. अन् वर... मावशी! ओ मावशी, थांबा! मावशी, वाकडं करा पाय! अरे देवा, निघाली..."

फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं, तो तसाच खिशात गेला. मग कापडाची घासाघीस, वारा, धापा, आणि जवळ जवळ येत जाणारी बर्फावरची सरसर. एकदम धप्प आवाज झाला. क्षणभर काहीच नाही. मी खुर्चीतून अर्धा उठलो. आणि मग खूप जवळून दोन बायकांचं हसू ऐकू यायला लागलं, एक थांबली की दुसरी सुरू, आणि ते संपेपर्यंत मी फोन कानाला लावून बसून राहिलो.